बिशपचं नाक

मंगळवारी दुपारी, जुन्या सामानाच्या पेट्या विकणाऱ्या पेटीवाल्याच्या दुकानात, हातात एक बिशप धरलेला असताना ती एकदम मोठ्यानं हसली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पेटीवाला शिडीवरून अर्धा उतरला आणि तिथंच थबकला. बावीस वर्षांत ताईंनी कागद उजेडात धरून सुस्कारे टाकलेले त्यानं ऐकले होते, ओठ मुडपून माल परत ठेवलेला पाहिला होता, पण हसणं नाही. काही फाटलं का, त्यानं विचारलं. तिनं नुसती मान हलवली. बिशप अर्थात चित्रातला होता. दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या कुणा कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला, पत्र्यात शाई भरून कागदावर दाबून काढलेला, एक गलेलठ्ठ, गालांना वळ्या पडलेला धर्मगुरू. हा छाप कच्चा होता. चेहरा पुरा झालेला, झग्याच्या मात्र नुसत्या बाहेरच्या रेघा, आणि हात तर नव्हतेच. बाह्यांतून कोरा कागद बाहेर आला होता. काम कुठवर आलं ते बघायला कारागीर असे एकदोन छाप काढत. खालच्या कडेला कोरणीची धार तपासायला मारलेले ओरखडे होते, आणि त्या ओरखड्यांच्या गर्दीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, चार इंग्रजी शब्दांची एक ओळ होती. आपल्या भाषेत तीनच होतात. नाक माझं आहे. ती आधी हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ओळ उलटी आहे, आरशात दिसावी तशी.

उलटं लिहिलेलं तिला उलटं वाटत नसे. वयाच्या सतराव्या वर्षापासून ती दादाच्या शेजारच्या बाकावर बसून पितळ कोरत होती: दारावरच्या पाट्या, शाळांच्या ढाली, कचेऱ्यांचे शिक्के. शिक्क्यांवरची अक्षरं उलटीच कोरावी लागतात, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. चव्वेचाळीस वर्षं हे केल्यावर तिच्या डोळ्यांनी उजव्याडाव्याचा तंटा केव्हाच मिटवून टाकला होता. हाताचा मात्र मिटायला वेळ लागला. ती डावरी. शाळेत त्या हातावर पट्ट्या बसल्या, मोठ्या मावशीनं जेवताना तो हात पाठीमागे धरून ठेवला, आणि शेवटी बाबांनी तिला दुकानात नेऊन एक पितळी तुकडा पुढ्यात टाकला आणि म्हणाले, की हात कुठला का असेना, रेघेला विचारू. तिनं रेघ मारली. बाबांनी भिंग लावून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मग नुसतं म्हणाले, उद्यापासून ये. त्या बऱ्याच वेळाची चव तिच्या जिभेवर अजून होती. बाबा गेले, दुकानाच्या फळीवर ‘आणि चिरंजीव’ असं होतं ते तसंच राहिलं, आणि ते आपल्याला खुपतं असं ती कधी म्हणाली नाही. गिऱ्हाईक यायचं, काउंटरवर टेकून म्हणायचं की हे दादांनी स्वतःच्या हातानं करायला हवं बरं का, मोठ्या डॉक्टरांची पाटी आहे. आणि ती म्हणायची, हो, दादाच करेल. मग चार दिवसांनी ती स्वतः केलेली पाटी गुंडाळून द्यायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, वा, दादांचा हात तो दादांचा हात. यात खोटं बोलल्याची बोच कमी आणि एक गुपचूप गंमत जास्त, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. बहुतेक दिवशी ते पटायचंही.

चित्रांचा नाद कुणाच्या लक्षात न येता लागला. एकदा पेटीवाल्याकडे जुन्या शाईच्या दौती बघायला गेली असताना एका बुडालेल्या क्लबच्या वाचनालयातली पेटी उघडी होती, आणि तीत खचाखच साहेब भरलेले होते. आरमारी अधिकारी, न्यायाधीश, बोडकी आणि टोपवाली माणसं, एक घोड्यांचा डॉक्टर, फुगीर बाह्यांची एक उमरावीण. कोण होते, काय केलं, कुणाला लुटलं, तिला काडीचं घेणं नव्हतं. तिनं एकाचा गाल भिंगाखाली घेतला आणि तिला दिसलं की तो गाल नाहीच, नुसत्या रेघा आहेत. कडेला बारीक, सावलीत जाड होत गेलेल्या, आणि प्रत्येक रेघ कुणीतरी श्वास रोखून मारलेली. आपल्याला जे जमतं त्याच्या शंभरपट. त्या दिवशी तिनं घोड्यांचा डॉक्टर घरी आणला, आणि मग एकामागून एक सगळे येत गेले. दुकानाच्या वरच्या तिच्या खोलीत भिंती दिसेनाशा झाल्या. वहिनी गादीची खोळ बदलायला यायची आणि दारातच उभी राहून म्हणायची, की लग्न नको म्हणालीस ते बरंच झालं, एका भिंतीवर एवढे सासरे कुणी सांभाळले असते. मोठा दीर कोण, खाष्ट आत्तेसासू कोण, हे वहिनीनंच ठरवून टाकलं होतं, आणि उमरावणीकडे पाठ करून ती कधी बसत नसे.

चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव असतं. त्यातल्या एकाच्या कामावर तिचा जीव जडला. त्याची चौतीस चित्रं तिनं जमवली, आणि ती रोज बघता बघता सहाव्या की सातव्या वर्षी तिला एक खटकलं. अशा कारखान्यांत झगे, पडदे, खुर्च्या हे हाताखालची माणसं करत. चेहरा मात्र उस्तादच करणार, हा रिवाज. पण चौतिसांपैकी अकरा चेहऱ्यांवर नाकाची सावली वेगळ्या हातची होती. तिथले बारीक फटके दुसऱ्या बाजूला कललेले, आणि प्रत्येक फटका जिथं संपायला हवा तिथं सुरू झालेला. सकाळच्या चहाची साधी वेळ होती. कप हातात तसाच राहिला आणि चहावर साय धरली. असे फटके कोण मारतं हे तिच्या मनगटाला माहीत होतं. त्या कारखान्यात कुणीतरी डावरं होतं. तिनं महिनाभर शब्द जुळवून एका मोठ्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. आपला उत्साह वाखाणण्याजोगा आहे, परंतु त्या काळी नाकासारखा महत्त्वाचा भाग कुणी शागिर्दाकडे सोपवत नसे. छपाईतल्या फरकानं असे भास होतात. पत्र तिनं दादाला दाखवलं नाही. उशीखालीही ठेवलं नाही. कपाटात, हमीपत्रांच्या पाकिटात टाकून दिलं. भास हा शब्द मात्र बरेच दिवस भिंग उचललं की आधी हाताशी यायचा.

आणि आता हे. नाक माझं आहे. ती हसली होती ती यासाठी, की दोनशे वर्षांनी कुणीतरी तिच्या बाजूनं साक्षीला उभं राहिलं होतं, आणि तेही असं, जीभ काढून दाखवल्यासारखं. तिनं बिशपचं नाक पाहिलं. फुगलेलं, मस्तवाल, पावट्याच्या दाण्यासारखा शेंडा असलेलं नाक. फटके सगळे तिच्या बाजूला कललेले. हा मी घेते, ती म्हणाली, आणि पेटीवाला शिडीवरून उरलेला उतरला. तो ओशाळला होता. हा वकीलसाहेबांना सांगितलेला आहे, त्यानं सांगितलं, त्यांच्या कचेरीत दाराच्या वर एका बिशपची जागा आहे, चौकटसुद्धा तयार आहे, शब्द दिलाय. तिनं विचारलं चौकट केवढी. त्यानं हातानं दाखवली. वकीलसाहेब चौकटी एका मापाच्या करून घेत आणि चित्रं त्यात बसवायला कडा कापून घेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मापात बिशपची छाती मावत होती. ओळ मावत नव्हती.

घरी जाताना ती नेहमीच्या रस्त्यानं गेली, पण रस्ता लांबला. चपलांच्या दुकानाच्या काचेत तिला आपला चेहरा दिसला आणि तो बराच तरुण वाटला, आणि पुढच्याच काचेत नाही. ओळ मनात वाचून वाचून ती गुळगुळीत झाली होती. मग वाणसामानाच्या दुकानापाशी ती थांबली, कारण एक साधी गोष्ट तिला आत्ता कळली. कागदावर वाचली जावी असं वाटत असतं, तर लिहिणाऱ्यानं पत्र्यावर उलटं कोरलं असतं. कारखान्यातल्या कुणालाही ते डाव्या हातचा मळ होतं. ते पत्र्यावर सुलटं लिहिलं होतं. म्हणजे कागद बघणाऱ्यांसाठी ते नव्हतंच. जो कुणी रोज त्या पत्र्यावर वाकत होता, शेजारच्या बाकावर बसत होता, त्या एकासाठी होतं. पुढे कडा घासून साफ करायच्याच होत्या. तेवढ्यात कुणीतरी हा एक छाप काढला. कुणी काढला? उस्तादानं? ओळ वाचून, मुद्दाम? बाबांच्या त्या बऱ्याच वेळाची चव तिच्या तोंडात एकदम इतकी स्पष्ट आली की वाण्यानं दोनदा विचारलं, काय देऊ. तिला काहीच नको होतं. तिनं मीठ घेतलं.

बुधवारी सकाळी तिनं भिंतीवरून आपला बिशप उतरवला. तिच्याकडे तोच बिशप होता, पुरा झालेला: झग्याची लेस, बोटांतली अंगठी, काळीभोर शाई. तो कापडात गुंडाळून ती वकीलसाहेबांच्या कचेरीत गेली. कचेरीत कागदांचा आणि ओल्या छत्र्यांच्या स्टँडचा वास होता, आणि तीन भिंतींवर एका मापाच्या काळ्या चौकटींत साहेब ओळीनं, हजेरीला उभे केल्यासारखे. वकीलसाहेब तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, जाड भुवयांचे, खुर्चीत तिरके बसणारे. पेटीवाल्यानं बिशप कालच पोचवला होता. तो टेबलावर पडला होता आणि चौकटवाला दुपारी येणार होता. तिनं आपला बिशप शेजारी मांडला आणि म्हणाली, हा घ्या, तो मला द्या. त्यांनी दोन्ही पाहिले. तिच्या बिशपला हात होते, त्यांच्या बिशपला नव्हते, एवढं त्यांनाही कळत होतं.

“चांगलं देऊन वाईट घेताय,” ते म्हणाले. “माझ्या धंद्यात असं कुणी करायला लागलं की मी कागद दोनदा वाचतो.”

तिनं उत्तर तयार करून आणलं होतं. मला फिकी शाई आवडते, असं. चपला घालतानासुद्धा तिनं ते म्हणून पाहिलं होतं आणि ते खरं वाटत होतं. पण आता ते ओठांवर आलं आणि तिथं तिला दिसलं की हे काउंटरवरच्या ‘हो, दादाच करेल’चं भावंड आहे. तसंच गुळगुळीत, तसंच निरुपद्रवी. ज्या कुणी कडेवर ती ओळ ओरखडली, त्याच्यासाठी म्हणून हे बोलायचं? खरं सांगितलं तर हा माणूस बिशप सोडणार नाही, हे तर उघड होतं. मौल्यवान म्हटल्यावर कुठला वकील हातचं सोडतो. पंखा फिरत होता आणि टेबलावरचे दोन्ही बिशप कोपऱ्यांशी हलकेच उचलले जात होते. नाही तर नाही, तिला वाटलं, पण कापलं तरी जाणार नाही. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं: नाकं, अकरा चेहरे, डावरा हात, संग्रहालयाचा भास. बोलताना आवाज चढला हे तिच्या लक्षात आलं तेव्हा शेजारच्या खोलीतला टायपिंगचा आवाज थांबलेला होता. वकीलसाहेबांनी भिंग मागून घेतलं. त्यांना ओळ वाचता येईना. मग ती उठली, कागद तळव्यांवर अलगद उचलून खिडकीशी गेली आणि बिशपचं तोंड काचेकडे करून धरला. मागून उजेड आला, आणि कागदाच्या पाठीवर ओळ सुलटी झाली. वकीलसाहेब वाकले आणि पहिलीतल्या पोरासारखे एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचू लागले. वाचून झालं तरी ते वाकलेलेच राहिले. त्यांच्या भुवया हलत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि कळलं की हे हसताहेत, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्यानंतरचा तास कसा गेला ते तिला नंतर नीट आठवेना. त्यांनी अशिलाला बाहेर बसवलं. खुर्चीवर चढून त्यांनी स्वतः चौकटी उतरवल्या, फडक्यानं पुसल्या, आणि पुढ्यात धरून विचारत राहिले, हे कुणाचं? हे उस्तादाचं, ती सांगायची. हे? हे दुसऱ्याच कुणाचं, अगदी भिकार. हे? आणि एका हनुवटी नसलेल्या न्यायाधीशापाशी तिनं भिंग आणखी जवळ नेलं, कारण नाक डावरं होतं, आणि नाकच नव्हे, यावेळी डावा डोळाही. त्या पोराला, की पोरीला, पुढे डोळा मिळाला होता. बढती, वकीलसाहेब म्हणाले, आणि तिला त्यांचा तो शब्द फार आवडला. मग ते भिंतीकडे वळले. यांच्या सगळ्यांच्या कडा मी कापून टाकल्या, ते म्हणाले. त्यांनी तिचा पुरा बिशप उचलून रिकाम्या चौकटीवर ठेवून पाहिला; तो मोठा होता. चौकट बदलून घेईन, ते म्हणाले, आणि कच्चा बिशप तिच्या कापडात गुंडाळून तिच्या हातात दिला.

“हे काही भिंतीवरचं चित्र नाही. खिडकीवरचं आहे. तुमच्याकडे खिडकी आहे ना?”

खिडकी होती. पण ती आधी दुकानात गेली. दादा चष्मा कपाळावर चढवून एका ढालीवर वाकला होता. गिऱ्हाईक नव्हतं. तिनं कागद दुकानाच्या काचेच्या दारावर धरला आणि दादाला खूण केली. तो हात पुसून आला. ओळ वाचली. नाक पाहिलं. तिनं त्याला एवढ्या वर्षांत कधी न सांगितलेलं सगळं सांगितलं, पत्रासकट. दादा कमी बोलणारा. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढणं, असं वहिनी म्हणते. तो कागद बघत राहिला, बराच वेळ.

“हे ओळखायला तुला भिंग लागलं?” तो शेवटी म्हणाला. “तुझं काम मला रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतं.”

काहीतरीच, ती म्हणाली. तो म्हणाला, शून्यावरून. कसलं शून्य, तिनं विचारलं. तर म्हणाला, आपण सगळे शून्य दोन रेघांत करतो, अर्धं या बाजूनं, अर्धं त्या. माझा जोड उजव्या खांद्यावर येतो, तुझा डाव्या. पहिल्या वर्षापासून. बाबांनीच दाखवलं होतं मला. आणि तो परत ढालीवर जाऊन वाकला, जणू नुसतं किती वाजले ते सांगितलं. ती दारातच उभी राहिली. इतकी वर्षं ती परक्यांची नाकं तपासत होती, आणि आपल्या शून्याला खांदा आहे हे तिला माहीत नव्हतं. बाबांनी दाखवलं होतं. दोघांनी मिळून, तिच्या पाठीमागे, तिच्या शून्याकडे पाहिलं होतं. हे आधी का नाही सांगितलंस, असं तिच्या मनात आलं. तिनं तरी काय सांगितलं होतं. ‘दादाच करेल’ म्हणताना शेजारच्या बाकावर दादा दर वेळी मान खाली घालायचा, तो कामात असल्यामुळं, असं तिला वाटत आलं होतं.

रविवारी सकाळी दोघं निघाली. वहिनी यायला तयार नव्हती. पितळ मी घरात पुरेसं घासते, ती म्हणाली, आणि दोघांना डबा दिला, जसं काही परगावी चालली होती. पहिली पाटी हिशेबनिसाची. घरनंबरात एक शून्य होतं. दादा रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, तुझं. ती पाटीपाशी जाऊन वाकली. डावा खांदा. शाळेच्या फाटकावर फोन नंबरात दोन: तुझं, तुझं. कापडाच्या गिरणीच्या कचेरीवर, माझं. आठ पाट्या झाल्या आणि दादा एकदाही चुकला नाही. ऊन चढत होतं, तिचे गुडघे बोलायला लागले होते, आणि तिला चालतच राहावंसं वाटत होतं. शहर एकाएकी तिच्या अंगणासारखं झालं होतं, ज्याच्या त्याच्या दाराला तिचा हात लागलेला. एका बागेच्या कट्ट्यावर बसून त्यांनी डबा खाल्ला. दादानं तिला सांगितलं की मोठ्या डॉक्टरांची पाटी तिनं केली तेव्हा तो रोज सकाळी फिरायला त्या गल्लीतून जायचा. फिरायला गल्ली बरी होती, तो म्हणाला.

शेवटची पाटी जुन्या दवाखान्याची होती, पस्तीस वर्षांपूर्वीची, अक्षरं पुसून पुसून मऊ झालेली. दादा पलीकडून बघत राहिला आणि मग रस्ता ओलांडून जवळ आला. दोघं वाकली. शून्य गोल गरगरीत, आणि जोड कुठंच सापडेना. रोजच्या पुसण्यानं तो केव्हाच पितळात मिसळून गेला होता.

“तुझं आहे,” दादा म्हणाला.

“छे. ही गोलाई तुझी. मला अशी कधी जमली नाही.”

तो म्हणाला त्या वर्षी माझा अंगठा दुखत होता. ती म्हणाली अंगठा पुढच्या वर्षी. त्यानं वळणाचा दाखला दिला, तिनं रेघेच्या खोलीचा. तो ऐकेना, तीही ऐकेना. आणि दोन पांढऱ्या डोक्यांची माणसं रविवारी बंद दवाखान्याच्या दाराशी वाकून तुझं-तुझं करत भांडत राहिली. आतून कडी निघाली. साफसफाईची बाई हातात फडकं घेऊन बाहेर आली. डॉक्टर आज नसतात, ती म्हणाली, काय होतंय तुम्हाला?

“काही होत नाही,” दादा म्हणाला. “हे शून्य कुणाचं ते बघतोय.”

बाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पाटीकडे. रोज मीच तर पुसते, ती म्हणाली, आणि दोघांच्या मधून हात घालून तिनं ते शून्य फडक्यानं आणखी एकदा चोळलं, चांगलं लख्ख होईपर्यंत. मग ती बाजूला सरकली, आणि तिघंही नीट बघायला वाकली.